वाघिणीवरचा नंबर: ड्राय ट्रान्सफर शोधायचं कसं, रगडायचं कसं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगचे पेन घ्यायला गेलो होतो. जाता जाता काउंटरमागच्या काकांना विचारलं, "लेट्रासेट मिळेल का हो?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठल्या जमान्यात हाय ओ तुम्ही? थांबा, बघतो की." पोटमाळ्यावरून पुठ्ठ्याचा खोका खाली आला. त्यात धुळीने माखलेली एकवीस शीटं होती. मी हरखून सगळी घेतली आणि घरी येऊन तपासली, तर कामाची निघाली चार. बाकीची सतरा कधीच मेलेली होती.

तेव्हा दुकानातच, दोन मिनिटांत जिवंत शीट ओळखता आलं असतं तर पैसे वाचले असते. हा लेख तिथूनच सुचला: लेट्रासेट, म्हणजेच ड्राय ट्रान्सफर, ही शीटवरून रगडून उतरवायची अक्षरं मॉडेलवर वापरायची कशी. माझं काम एचओ स्केलच्या, म्हणजे १:८७ मापाच्या, मालगाडीच्या वाघिणींच्या (डब्यांच्या) मॉडेलांचं. पण विमानं, रणगाडे, ट्रक बनवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

ही भानगड काय आहे

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ड्रॉइंग ऑफिसात काम केलंय त्यांना सांगायला नको. पारदर्शक फिल्मवर उलटी छापलेली अक्षरं, त्यांच्यावर अगदी हलका गोंद आणि खाली मेणकट कागद. तो काढून शीट ड्रॉइंगच्या कागदावर ठेवून वरून रगडलं की फिल्म किंचित ताणली जाते, शाईचा पापुद्रा तिच्यापासून सुटतो आणि खाली चिकटतो. लंडनच्या लेट्रासेट कंपनीने १९६१च्या सुमारास हे कोरडं तंत्र बाजारात आणलं आणि पुढची तीसेक वर्षं नकाशांची शीर्षकं, जाहिरातींची आर्टवर्क्स त्याच्यावर चालली. संगणक आला आणि खोके पोटमाळ्यावर गेले.

मॉडेल करणाऱ्याला यात रस का? किटमध्ये येणारं पाण्यातलं डेकल म्हणजे पारदर्शक पापुद्र्यावर छापलेलं अक्षर. त्या पापुद्र्याची कड दिसते. खाली हवा अडकली की चांदीसारखी चकाकते, त्यालाच आपण सिल्व्हरिंग म्हणतो. ड्राय ट्रान्सफरमध्ये अक्षराभोवती काहीच नसतं, नुसती शाई. खऱ्या वाघिणीवर स्टेन्सिलने मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

तोटा एकच. डेकल पाण्यावर सरकवता येतं. हे सरकत नाही, टेकलं की टेकलं.

शोधायचं कुठे

सोलापुरात तीन ठिकाणी नशीब आजमावून बघा. पहिलं, पॉलिटेक्निक-आर्किटेक्चरच्या पोरांना सामान पुरवणारी जुनी दुकानं. दुसरं, जुने कमर्शियल आर्टिस्ट आणि बोर्ड रंगवणारे पेंटर. त्यांच्या कपाटात अर्धी वापरलेली शीटं हमखास असतात आणि चहा पिता पिता फुकटही मिळतात. तिसरं, रद्दीवाले, पण तिथे ऊन-पावसाने माल बिघडलेला असतो, म्हणून फार आशा धरू नका. विचारताना 'ड्राय ट्रान्सफर' म्हणाल तर समोरचा नुसता बघत राहील. 'लेट्रासेट' म्हणा. कंपनी कुठलीही असो, दुकानदाराच्या तोंडी शब्द तोच आहे.

नवा माल हवा असेल तर वूडलँड सीनिक्सची अक्षरं-आकड्यांची शीटं रेल्वे मॉडेलवाल्यांसाठीच बनवलेली असतात आणि पांढऱ्या रंगात मिळतात. लेट्रासेटच्या जुन्या साठ्यात बहुतेक काळीच अक्षरं, त्यामुळे हा पांढरा रंग महत्त्वाचा. चिलखती गाड्या आणि विमानांसाठी आर्चरचं नाव घेतलं जातं. ब्रिटिश रेल्वेच्या खुणा हव्या असतील तर तिथल्या हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटीची प्रेसफिक्स आणि मेथफिक्स शीटं आहेत. ही दोन्ही पुरती कोरडी नाहीत: प्रेसफिक्स दाबून चिकटवलं की मागचा कागद पाण्याने सोडवावा लागतो, मेथफिक्सला स्पिरिट आणि पाण्याचं मिश्रण लागतं. परदेशातून मागवताना शीट कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवायला सांगा. घडी पडली की त्या रेषेवरची सगळी अक्षरं तडकतात.

हल्ली गल्लोगल्ली 'क्रिस्टल स्टिकर' छापून मिळतात, यूव्ही डीटीएफ म्हणतात ते. दिसायला रगडायच्या अक्षरांसारखेच, पण अंगाने जाड. मोठ्या ट्रकच्या मॉडेलला चालतील. १:८७च्या वाघिणीवर मात्र ते अक्षर भिंतीवरच्या पाटीसारखं उठून दिसतं.

शीट जिवंत आहे का

दुकानात उभ्याउभ्या करायची तपासणी अशी. शीट उजेडाकडे तिरकं धरा. अक्षरांच्या पोटात केसासारख्या भेगा दिसल्या तर शाई वाळून कडक झालीय, ते शीट ठेवून द्या. मग मागचा कागद कोपऱ्यातून किंचित उचला. तो अक्षरांना चिकटून येत असेल, तर गोंद उन्हाने पाझरलाय. तो कागद सहज सुटला आणि गोंदावर बोट टेकवल्यावर अगदी पुसटसा चिकटपणा जाणवला, तर आशा आहे.

शेवटची परीक्षा रगडून. मी पाकिटात काळ्या रंगाचा प्लास्टिकचा एक तुकडा ठेवतो. शीटवरचं नको असलेलं अक्षर निवडा. इंग्रजी क्यू किंवा झेड कुणाला लागत नाही. ते दुकानदाराला विचारून त्या तुकड्यावर रगडा. पूर्ण सुटलं तर उत्तम. अर्धं सुटलं तर घरी टेबल लॅम्पखाली मिनिटभर कोमट करून पुन्हा प्रयत्न करता येतो, कधी कधी त्याने गोंद जागा होतो. ऊब म्हणजे तळव्याला सुखद वाटेल एवढीच. हेअर ड्रायर जवळ नेलात तर फिल्मच आक्रसेल.

घरी आणल्यावर शीट ठेवायचं कुठे, हा सोलापुरात गंभीर प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. शीटं मेणकट कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत, आडवी, खालच्या मजल्यावरच्या लाकडी खणात ठेवा. उभी ठेवली की वाकतात.

माप

एचओ स्केलमध्ये खऱ्या मापाला ८७ने भागायचं, एवढंच. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी., भागून आलं १९.३. पण एचओचा रूळ १६.५ मि.मी.चा, म्हणून आपली गाडी त्यावर जरा अंग चोरूनच उभी राहते. उलट १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मि.मी. गेजची. तिला ८७ने भागलं की ८.७६ येतात आणि एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचा, ९ मि.मी.चा तयार रूळ जवळजवळ नेमका बसतो. अक्षरांशी याचा संबंध नाही, पण जिल्ह्यातल्या माणसाने बार्शी लाइटचं नाव न घेता पुढे कसं जायचं?

अक्षराची खरी उंची कशी कळणार? वाघिणीचा समोरून घेतलेला, चाक आणि नंबर दोन्ही दिसणारा फोटो घ्या. बॉक्सएन, बीसीएन अशा वाघिणींचं नवं चाक १००० मि.मी. व्यासाचं असतं. फोटोत चाक २० मि.मी. आणि अक्षर ३ मि.मी. भरलं, तर खरं अक्षर १५० मि.मी.चं. भागिले ८७, म्हणजे १.७ मि.मी. चाक झिजलेलं असेल तर थोडा फरक पडतो. एवढ्या लहान मापात तो दिसत नाही.

शीटवर मात्र माप पॉइंटमध्ये लिहिलेलं असतं. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मि.मी., आणि मोठं इंग्रजी अक्षर साधारण त्या मापाच्या सत्तर टक्के उंच असतं. म्हणजे ८ पॉइंटचं अक्षर २ मि.मी.च्या आसपास, आणि १.७ मि.मी. साठी ७ पॉइंट हवा. नेमकं मिळालं नाही तर लहानाकडे झुका. अक्षर जरा लहान असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. जरा मोठं झालं की वाघिणीचं खेळणं होतं.

नंबर खोटा नको

मनाला येईल तो नंबर टाकणारे लोक आहेत. मला ते बघवत नाही, कारण भारतीय रेल्वेच्या वाघिणीचा अकरा आकडी नंबर बोलका असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात. बंदिस्त वाघिणी ३० ते ३९ मध्ये येतात. पुढचे दोन मालक रेल्वेचे, मध्य रेल्वेला ०१. मग दोन आकडे बांधणीच्या सालाचे, चार त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा.

समजा तुम्ही ३१ ०१ १५ १२३४ एवढं ठरवलंत. डावीकडून सम जागांवरचे आकडे (दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा) मिळवा: १+१+५+२+४ = १३. त्याला ३ने गुणा, ३९. विषम जागांवरचे मिळवा: ३+०+१+१+३ = ८. बेरीज ४७. पुढची दहाची पट ५०, फरक ३. म्हणून पूर्ण नंबर ३१ ०१ १५ १२३४ ३. वाघिणीवर हे इंग्रजी आकड्यांत येतं, हे वेगळं सांगायला नको.

आता या नंबरात '१' चार वेळा आला, दोन्ही बाजू धरून आठ. एका शीटवर लहान आकड्यांच्या एक-दोन ओळीच असतात. तेव्हा शीट समोर ठेवून, कुठले आकडे किती उरलेत ते मोजून मगच वाघिणीचे चार आकडे ठरवा. मी उलटं केलं होतं, आणि तिसऱ्या वाघिणीलाच '१' संपले.

पृष्ठभाग

रंग पक्का वाळलेला हवा. अॅक्रिलिकला एक दिवस, इनॅमलला चार-पाच. वरून कोरडा दिसणारा इनॅमल आतून मऊ असतो, रगडताना त्यावर खळगे पडतात. अगदी खरखरीत मॅट रंगावर गोंदाला धरायला जागा कमी, म्हणून सॅटिनचा, म्हणजे अर्धवट चकाकीच्या पारदर्शक वार्निशचा, एक पातळ हात मारा. डेकलसारखा आरसा-ग्लॉस लागत नाही, इथे सिल्व्हरिंगची भीतीच नाही.

मग साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कपड्याने पुसा आणि वाळू द्या. मी राहतो पूर्व भागात. चारी बाजूंनी यंत्रमाग, हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. एक तंतू अक्षराखाली गेला तर तिथे नेमका फोड दिसतो. टेबलावर ओलं फडकं फिरवून, पंखा बंद करून मगच बसायचं. पंखा बंद, आणि दिवस मेचे. म्हणून हे काम पहाटे सहाला. त्याला दुसरं कारणही आहे. दुपारी गोंद एवढा मऊ होतो की '३' रगडताना शेजारचा '४' पण उतरतो. माझ्या एका बीसीएनवर अर्धा '४' असाच आलाय. तो मी गंजाच्या डागाखाली लपवलाय.

रगडणं

अवजार साधं आहे. रिफिल संपलेलं बॉलपेन, किंवा टोक गोल केलेली एचबी पेन्सिल. एम्बॉसिंगची गोल टोकाची सळई मिळाली तर फारच छान. अणकुचीदार काही नको, फिल्म फाटते.

आधी वाघिणीवर बारीक मास्किंग टेपची पट्टी सरळ लावा. ही अक्षरांची पायरेघ. टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला एकदा चिकटवून काढा म्हणजे तिचा जोर कमी होतो आणि रंग उचकटत नाही. काही शीटवर अक्षरांखाली बारीक आडव्या रेघा छापलेल्या असतात. त्या टेपच्या कडेला जुळवल्या की ओळ आपोआप सरळ येते. रेघ टेपवर पडते आणि टेपसोबतच निघून जाते.

शीटमधून हवं ते अक्षर भोवती चार-पाच मि.मी. जागा सोडून कापून घ्या. अख्खं शीट मॉडेलवर आणू नका. तुकड्याचा मेणकट कागद काढा, पण टाकू नका. तुकडा जागेवर ठेवून एका कडेला टेप लावा, दाराच्या बिजागरीसारखी. आता डोळ्यांनी दोनदा बघा. शंका असेल तर अजून सगळं मागे घेता येतं.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने, एकाच दिशेने रगडा. जिथे शाई सुटते तिथे अक्षराचा रंग फिल्ममधून फिकट, राखाडी दिसू लागतो. अख्खं अक्षर राखाडी झालं की बिजागरीच्या बाजूने फिल्म सावकाश, जवळजवळ आडवी उचला. कुठे एखादा पाय वर येताना दिसला तर थांबा आणि फिल्म तशीच परत खाली टेकवा. बिजागरीमुळे ती नेमकी पहिल्या जागी बसते. तेवढाच भाग पुन्हा रगडायचा. जोर लावू नका. नवखे लोक इथेच चुकतात. एकदा जोरात दाबण्यापेक्षा वीसदा हळू फिरवलेलं बरं.

सगळा नंबर उतरला की जपून ठेवलेला मेणकट कागद त्यावर पालथा ठेवा आणि बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने घोटून घ्या. आधीच्या रगडण्याने अक्षर नुसतं टेकतं, या घोटण्याने ते बसतं. हे विसरलात तर महिनाभरात कोपरे सुटतात.

चुकलं तर घोटण्याआधीच काढा. सेलोटेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून अक्षरावर हलकेच टेकवा-उचला. राहिलेला कण टूथपिकने.

याच काढता येण्याचा एक सुंदर उपयोग आहे. तुमच्याकडे फक्त काळी अक्षरं आहेत आणि नंबर पांढरा हवाय? त्या जागेवर आधी पांढरा रंग मारा आणि पक्का वाळू द्या. काळी अक्षरं हलक्या हाताने उतरवा, घोटू नका. वरून वाघिणीचा तांबूस रंग एअरब्रशने पातळ फवारा. रंग हाताला लागेनासा झाला की टेपने अक्षरं उचलून काढा. खाली पांढरा नंबर. कड अगदी स्टेन्सिलसारखी येते. नवी पेठेतली माझी चार शीटं यातच कामी आली.

रिव्हेट, फासळ्या आणि उंचसखल जागेवर फिल्म टेकतच नाही. तिथे आडवाट घ्यायची. कोऱ्या वॉटरस्लाइड डेकल कागदावर नंबर रगडा, वर क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) एक पातळ हात द्या, आणि वाळल्यावर नेहमीच्या डेकलसारखा पाण्यात सोडा. डेकल मऊ करणाऱ्या मायक्रो सोलसारख्या द्रवाने तो फासळीवर बसतो. पापुद्रा परत आला हे खरं, पण तो अक्षरांच्या अगदी लगत कापता येतो. लाकडी फळ्यांच्या डब्यावर असं करणार असाल, तर वाळल्यावर प्रत्येक फटीत नव्या ब्लेडचं टोक एकदा फिरवा.

'म रे'चं काय

नंबर झाला, पण 'म रे', म्हणजे मध्य रेल्वेची खूण, कुठून आणायची? देवनागरी शीट मला आजवर कुठल्याच दुकानात मिळालेलं नाही. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून मी स्क्रीन प्रिंटिंगकडे वळलो. सोलापुरात त्याला काय तोटा! पण पहिल्या वेळी टॉवेलवर छापणाऱ्या एका कारखान्यात गेलो, आणि अक्षरांच्या जागी पांढरे ठिपके घेऊन परत आलो. चूक माझीच होती. कापडाची जाळी जाड विणीची असते, शाई भरपूर सोडायला. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा. त्याची जाळी बारीक, सेंटिमीटरला शंभर-सव्वाशे धाग्यांची असते. त्याला कोरा डेकल कागद, पांढरी व्हिनाइल शाई आणि अक्षरांची काळी फिल्म द्यायची. हे ड्राय ट्रान्सफर होत नाही, डेकलच होतं, पण 'म रे'पुरतं चालतं.

फिल्म बनवताना एक ध्यानात ठेवा. ०.२ मि.मी.पेक्षा बारीक रेघ जाळीतून नीट उतरत नाही, आणि दीड-पावणेदोन मि.मी. उंचीच्या देवनागरीत 'म'ची गाठ आधी भरून येते. फॉन्ट जाड नको आणि नाजूकही नको. शिरोरेघ आणि गाठीच्या मधली पोकळी संगणकावरच थोडी मोठी करून घ्या. एका कागदावर शंभरेक 'म रे' बसतात, खर्च एकदाच.

वरचा हात

एक दिवस थांबून क्लिअर मारा. पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक सगळ्यांत सुरक्षित. लॅकरच्या स्प्रेने शाई विरघळू शकते. माझा एक नंबर असा डोळ्यांदेखत सुरकुतला. तरीही लॅकरच वापरायचं असेल तर आधी क्यू-झेडवर करून बघा. पहिला हात धुक्यासारखा, लांबून. तो वाळला की दुसरा. धूळ, गंज, सिमेंटचे ओघळ हे सगळं त्यानंतर. होटगीकडून येणाऱ्या सिमेंटच्या वाघिणी बघा: नंबरावर राखाडी थर असतोच, आणि दुरुस्ती झालेल्या जागी तेवढेच दोन आकडे नवे कोरे दिसतात. तसं करायचं तर आधी जुना नंबर मळवा, मग त्यातले दोन आकडे टेपने उचलून त्या जागी नवे रगडा आणि त्यांच्यावर धूळ घालू नका. अर्थात हे करायचं असेल तर ते दोन आकडे सुरुवातीला घोटायचे नाहीत आणि क्लिअरही त्यांच्याभोवती टेप लावूनच मारायचं.

उरलेली शीटं फेकू नका. '१' संपले की इंग्रजी आय चालतो, फक्त त्याला आडवे पाय नसलेला फॉन्ट हवा. '०' ऐवजी ओ घेतलात तर तो जरा रुंद दिसतो, दोन्ही बाजूंना सारखाच वापरा. '६' उलटा करून '९' होतो. 'ई'चा मधला दांडा कापला की 'सी'सारखं काही होत नाही, मी करून पाहिलंय.